फुंकरीपुढे हरलेला मास्क

मित्रांनो, मी दगडाच्या दुकानातला एक जुना रबरी मास्क आहे. माझे रूप काही देखणे नाही. दोन गालांवर दोन गोल फिल्टर आणि मागे ताणलेला पट्टा. घरांच्या पाट्या कोरणाऱ्या एका कारागिराने मला हौसेने आणले, आठवडाभर मिरवले आणि मग खिळ्याला टांगले.

कारण होते फुंकर. अक्षराच्या खाचेत भुकटी साचली की तो वाकून फुंकर घालायचा. ती माझ्यातून कशी घालणार? "नाकापेक्षा मोती जड," म्हणून तो हसला. मला राग आला, पण त्याची अक्षरे इतकी सुंदर होती की राग टिकेना.

जाड धूळ खाली बसायची. बारीक धूळ दिसायचीही नाही, ती श्वासाबरोबर थेट छातीत उतरायची. शेजारी बसून त्याची लेक हेच काम शिकत होती आणि हुबेहूब त्याच्यासारखी फुंकर घालत होती.

मग काही वर्षांनी रोज सकाळी त्याची बोटे आखडू लागली, सांधे सुजले. एकदा छिन्नी निसटली आणि एक चांगले अक्षर फुटले. लेक त्याला दवाखान्यात घेऊन गेली. परतल्यावर तिने आईला सांगितले,

"डॉक्टरबाई म्हणाल्या, शरीराचे पहारेकरी असतात. धूळ आत शिरत राहिली की ते सतत खवळलेले राहतात. मग कधी कधी त्यांना आपलं-परकं कळत नाही, आणि ते आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात."

"म्हणजे कुंपणच शेत खातं की," आई म्हणाली.

"धुळीनंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाल्या. पण धूळ आगीत तेल ओतते."

औषधांनी सूज थोडी उतरली. त्याने मला पुसले, नवे फिल्टर लावले आणि नाकावर चढवले. मला कोण आनंद झाला! तेवढ्यात शेजारी लेकीने फुंकर घालायला गाल फुगवले. त्याने छिन्नी खाली ठेवली, मला काढले आणि तिच्या चेहऱ्यावर बसवू लागला. बोटांना पट्टा ओढवेना.

"बाबा, हा तुमचा आहे."

"माझं व्हायचं ते झालं. तुझे हात धड राहू देत."

"आणि तुमचे? मी दुसरा आणते. तोवर कुणीच दगडाला हात लावायचा नाही."

ती चपला घालून बाहेर पडली. तो मला मांडीवर घेऊन दाराकडे पाहत बसला. मित्रांनो, धूळ उडू नये म्हणून दगड ओला करून कोरा, फुंकर टाळा, आणि काम करणारे दोघे असतील तर मास्कही दोन आणा. कुणाला वाचवायचे, हे मला एकट्याला ठरवता येत नाही.