पिवळ्या छत्रीमागून चला

मी एक पिवळी छत्री बोलतेय. पावसाशी माझं फारसं देणंघेणं नाही. मला मिटलेलीच डोक्यावर उंच धरतात आणि माझ्याकडे बघत चाळीस पाहुणे मागून चालतात. हे शहर इतकं अवाढव्य, की नजर हटली की माणूस हरवलाच म्हणून समजा.

मला विकत घेतलं आमच्या गाईडने. एकवीस वर्षं त्याने मला मिरवलं. सकाळी राजवाडा, मग जुना बाजार, दुपारी नदीकाठच्या खानावळीत जेवण, संध्याकाळी मनोरा. राजवाड्यात तो आळशी राजाचा किस्सा सांगायचा आणि हशा पिकेपर्यंत थांबायचा. पाहुणे तरी कसले नग! समुद्र ओलांडून राजवाडा बघायला यायचं आणि त्याच्याकडेच पाठ करून फोटो काढायचे. खानावळीत सगळ्यांची ताटं भरली, की हा कोपऱ्यात उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलायचा.

त्याच्या बायकोने मात्र यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ती विचारायची आणि हा म्हणायचा, पुढच्या सुट्टीला नक्की. सुट्टीच्या दिवशी पाय इतके सुजलेले, की चपलाही चढत नसत. दाराआडच्या खिळ्यावरून मी हे सगळं ऐकायचे.

मग एके दिवशी सहलीच्या कंपनीतल्या साहेबाने त्याला बंद खोलीत माइकपुढे बसवलं. नव्या पोरांना शिकवायला तुमचं बोलणं हवंय, म्हणाला. भोळा माणूस! घसा साफ करून त्याने दिवसभराचं सगळं बोलून दिलं, हशासाठी मध्ये जागा सोडत. महिन्याभरात पाहुण्यांच्या कानात यंत्रं आली, यंत्रात त्याचा आवाज आला आणि तो घरी बसला. गणवेशाबरोबर साहेबाने मलाही जमा करून घेतलं. मी कंपनीची नव्हते, हे सांगायचंही त्याला सुचलं नाही. आता मला एक बाई धरते. तिने फक्त चालायचं.

परवा तो आला. तिकीट काढून, बायकोला घेऊन. तिने ठेवणीतले कपडे घातले होते. यंत्र कानात घालताच ती हरखून त्याच्याकडे बघू लागली. त्याने स्वतःचं यंत्र खिशातच ठेवलं.

बाजारात आवाज म्हणाला, डावीकडे तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली. डावीकडे गाड्यांचा तळ झालेला. त्याला राहवेना. गल्ली कुठे होती, ते लोक कुठे गेले, हे तो बायकोला हळू आवाजात सांगू लागला. दोघाचौघांनी कानातलं काढून मान वळवली. रांग खोळंबली, तशी बाई मागे आली.

"काका, मध्ये बोलू नका. लोकांना कानातलं ऐकू येत नाही."

"अहो, कानातलेही हेच आहेत," बायको म्हणाली.

बाईने घड्याळ पाहिलं. "असतील. पण जेवणाची वेळ चुकतेय."

खानावळीत तो पहिल्यांदाच बसून जेवत होता. दोन घास घेतले आणि उठला. ओठ हलवत टेबलांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. धावत बाईकडे गेला.

"एकोणचाळीसच आहेत. एक माणूस मागे राहिलंय."

बाईने मोजले. चाळीस भरले.

बायको उठली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "चला घरी. तुम्ही स्वतःला मोजलंच नाहीत."

ताटं तशीच टाकून दोघं निघाली. मी दाराशी भिंतीला टेकून होते. मला घेऊन चल, म्हणावंसं फार वाटलं. पण माझा आवाज कुणी भरून घेतलेला नाही. तो मान खाली घालून माझ्या शेजारून गेला.

तिचा मनोरा राहिला तो राहिलाच. मी मात्र गेले, बाईच्या हातातून, अडतीस माणसं मागे घेऊन. पायऱ्या संपल्या तेव्हा साऱ्यांच्या कानात त्याने काळजीने विचारलं, "सगळे आलात ना?"

उत्तरापुरता थांबला आणि मनोऱ्याची उंची सांगू लागला.