लांबून हाक मारायची नाही

आमच्या घरात कुणी कुणाच्या जवळ जाऊन बोलत नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडते, हे बाहेरच्या खोलीतून "आलो" म्हणतात आणि येत नाहीत. चहा निवतो, मी पुन्हा ओरडते, पुन्हा "आलो". लग्न झाल्यापासून हेच चाललंय. लेक लहानपणी विचारायची, आपल्या दाराला बेल कशाला हवी, आईचा गळा आहे की. आमच्याकडे आज भाजी कुठली, ते शेजाऱ्यांना ह्यांच्या आधी कळायचं.

ह्यांचा डावा कान छापखान्याने खाल्ला. जन्मभर यंत्र त्या बाजूला धडधडत होतं. उजव्या कानाने ठणठणीत ऐकू येतं, पण हाक कुठून आली ते काही केल्या कळत नाही. मी मागून बोलावलं की हे आधी खिडकीकडे बघणार, मग छताकडे, आणि मी दिसले की मलाच रागावणार, "अशी लपून काय हाक मारतेस?"

मग हे निवृत्त झाले आणि "आलो" बंद झालं. खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. मी हाक मारली तरी नाही, ताट आपटलं तरी नाही. भांडायलाही माणूस समोर लागतो. मला बाकी काही नको होतं, हा माणूस परत हवा होता. लेकीने कुठूनसं शोधून काढलं, की एका तळ्याकाठच्या कॅम्पवर उन्हाळ्यापुरतं काम आहे, नवरा-बायको दोघं हवेत, राहायला खोली मिळेल. "वयस्कर चालतील असं लिहिलंय, आई," ती म्हणाली. मी म्हटलं, "वयस्कर तुझे बाबा. मी सोबत जाते."

तर आम्ही गेलो. लाकडी फळ्यांवर उभारलेले तंबू, एक लांबट न्हाणीघर, चादरी धुवायची खोली, होड्या बांधायचा धक्का, आणि ऑफिसच्या मागे आमची खोली. लोखंडी खाट, डुगडुगणारं टेबल आणि पाण्याकडे उघडणारी खिडकी. माझ्याकडे चादरी आणि न्हाणीघर, ह्यांच्याकडे होड्या, दोर आणि तंबूंची डागडुजी. तळं मोठं होतं. पलीकडचा काठ दिसायचा, पण तिथली माणसं दिसायची नाहीत.

मालक म्हणजे उंच, वाळका माणूस. इतकं हळू बोलायचा की मला वाटलं घसा बसलाय. पहिल्या दिवशी सगळं दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "एकच गोष्ट पाळा. इथे लांबून हाक मारायची नाही. काम असेल तर चालत जायचं, जवळ जाऊन बोलायचं. अगदीच अडलं तर ऑफिसवर घंटा आहे." पाहुण्यांनाही तो हेच सांगायचा. शहरातली माणसं शांततेसाठी पैसे मोजून येतात, त्यांना आरडाओरडा नको असणार, असा मी अर्थ लावला. हे हसले. "मालक, तुम्ही हिला ओळखत नाही."

सुरुवातीला मी खरंच पाळलं. पण चादरींची पाटी कमरेवर घेऊन दर वेळी धक्क्यापर्यंत कोण तंगडतोड करणार? एका दुपारी पाहुणे कुणी झोपलेले, कुणी टेकडीवर गेलेले. ऊन असं की पान हलत नव्हतं. मी दोरीवर चादर टाकता टाकता सवयीने ओरडले, "अहो, चहा झालाय!"

"आलो!"

लगेच. खणखणीत. लग्न झालं तेव्हाचा आवाज. मी दातांत चिमटा धरून तशीच उभी राहिले आणि वेड्यासारखं रडू आलं मला. हे आले नंतर, बऱ्याच वेळाने, पण ते तर नेहमीचंच. मी काही बोलले नाही. उगाच दृष्ट लागायची.

मग मी रोज हाका मारायला लागले. कामाच्या आणि बिनकामाच्या. "अहो, दोर सापडला का?" "आलो!" "अहो, टोपी घाला!" "आलो!" ह्यांची तब्येतही सुधारली. तोंडावर तुकतुकी आली, रंगाचा डबा घेऊन शीळ घालत फिरायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, "तू हल्ली बरी बोलतेस हं." मी म्हटलं, "म्हणजे आधी काय भुंकत होते?" हे नुसते हसले. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, की मी काय बोलले. पण बायकोचं कौतुक नवऱ्याच्या तोंडून निघालं की कोणती बाई पुरावा मागते?

आणि मग ती दुपार आली. मी न्हाणीघराच्या पायरीवर उभी राहून पाण्याच्या दिशेने ओरडले, "अहो, जेवायला चला!"

"आलो!" तळ्यावरून आवाज आला.

"कुणाला बोलावतेस?" हे माझ्या मागेच उभे होते. गोदामातून आले होते, हातात ब्रश, खांद्यावर फडकं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड मिटलेलं होतं, आणि तळ्यावरून पुन्हा आलं, "आलो, आलो!" जरा चिडून, अगदी हे चिडतात तसंच.

मी ह्यांना ओढत खोलीत नेलं, खिडकी लावली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. हे हसले नाहीत. ब्रश टेबलावर ठेवून म्हणाले, "अगं, मग धक्क्यापाशी मला रोज कोण बोलावतं?"

"काय बोलावतं?"

"'अहो, इकडे या ना.' मी जातो, तर तू नसतेस. मला वाटायचं, माझ्या कानाचा घोळ. दोन पावलं पुढे गेलो की आवाज आणखी पुढून येतो. म्हणून मी परत फिरायचो."

"मी जन्मात कधी 'या ना' म्हटलंय तुम्हाला?"

"नाही ना," हे म्हणाले, आणि नजर खाली गेली. "म्हणून तर ऐकत बसायचो."

त्या क्षणी भीती राहिली बाजूला, मला रागच आला. मग रागाचीही लाज वाटली. माझ्याच आवाजात ते कुणीतरी माझ्यापेक्षा गोड बोलत होतं, आणि ह्यांना ते आवडत होतं.

मी मालकाला गाठलं. तो तंबूची चेन दुरुस्त करत बसला होता. मी म्हटलं, तुमच्या तळ्यात काय आहे ते आत्ताच्या आत्ता सांगा. त्याने मान वर केली नाही. "ते शिकतं," तो म्हणाला. "तुम्ही जितकं ऐकवाल तितकं शिकतं. मग त्याला मन भरून बोलायचं असतं."

"हे आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं होतं. हाक मारू नका म्हणून."

"असं सांगतात? कारण सांगायला नको?"

"कारण सांगितलं असतं तर तुम्ही हाक मारूनच बघितली असती. सगळे बघतात." मग तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "माझी बायको माझ्याच आवाजामागे गेली, बाई. मी तेव्हा ऑफिसात होतो."

आम्ही ठरवलं, निघायचं. शेवटचे पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होते, त्यांच्या मागोमाग आम्ही. तोवर हाक मारायची नाही. ज्याला काम असेल त्याने चालत जाऊन खांद्यावर हात ठेवायचा. हे म्हणाले, "हात लागला तर तू. नुसता आवाज आला तर तू नव्हेस." मी म्हटलं, "बरोबर." एवढं सोपं होतं ते. आमच्या सगळ्या संसारात एकमेकांच्या खांद्याला आमचे इतके हात लागले नसतील जितके त्या एका दिवसात लागले. मी उगाच जायची आणि हात ठेवून यायची. हे म्हणायचे, "काय गं?" मी म्हणायची, "काही नाही."

सकाळी पाहुण्यांची गाडी गेली. मी पेट्या भरल्या. ह्यांना एक होडी धक्क्यावरून वर ओढायची राहिली होती, अर्धवट काम टाकून जाणं ह्यांच्या स्वभावात नाही. "आलोच," म्हणाले आणि गेले. मी चादरींची शेवटची घडी घातली आणि खिडकीतून बघितलं.

हे पाण्यात होते. कमरेपर्यंत. टोपी डोक्यावर, बूट पायात, आणि मान एका बाजूला कललेली, उजवा कान पुढे. माझा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "या ना. किती दमलात. या ना."

ओरडण्यासाठी मी तोंड उघडलं आणि हाताने दाबून धरलं. माझा आवाज आता तिकडच्या पारड्यात होता. मी पळत सुटले. मला पोहता येत नाही, गुडघाभर पाण्यालाही मी भिते, पण तेव्हा काही सुचलं नाही. धक्क्याच्या बाजूने उतरले, शेवाळावर पाय घसरला, पूर्ण बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं. कशीबशी उभी राहिले तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. तशीच पुढे गेले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

हे थांबले. मोठा श्वास सोडला. "आलीस," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांचा हात धरला आणि काठाकडे वळवलं.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. चादरी वाळत घालायच्या दोरीपासून, माझ्या नेहमीच्या जागेवरून, माझ्या नेहमीच्या आवाजात. गोड नाही. खेकसून.

"अहो! काय करताय? तिचा हात सोडा आधी! मी इथे आहे!"

काठावर कुणी नव्हतं. चादरी होत्या नुसत्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे केस तोंडावर आलेले, हात बर्फासारखा गार, तोंडातून शब्द निघेना, दात वाजत होते. मी कसंबसं म्हटलं, "मीच आहे हो."

"मीच आहे हो!" काठावरून आलं. "ऐकू येत नाही का? चहा निवला!"

ह्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते कुठल्या बायकोला बघायला लागू नये. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. अगदी हळू, जनावराच्या तोंडातून काही काढून घेताना माणूस जपतो तसं. आणि पाणी कापत काठाकडे निघाले. जाताना ओरडले, "आलो गं, आलो!"

हे वाचले. मला तेच हवं होतं, ते मी नाकारत नाही. हे काठावर चढले, दोरीपर्यंत धावले, एकेक चादर बाजूला केली. न्हाणीघरात बघितलं, खोलीत बघितलं. आणि मग वळून बघितलं, तर पाण्यातून मी बाहेर येत होते.

आता आम्ही घरी आहोत. लेक म्हणते, बाबा थकलेत, पण किती शहाण्यासारखे वागतात. खरंच वागतात. मी हाक मारली की लगेच येऊन उभे राहतात. ताट स्वतः उचलून ठेवतात. रात्री बाहेरच्या खोलीत झोपतात आणि दार आतून लावून घेतात. मला "तुम्ही" म्हणतात. मी आमच्या लग्नातल्या गोष्टी सांगितल्या, लेकीच्या जन्माच्या सांगितल्या, कुणाला माहीत नसलेल्या सांगितल्या. हे मान हलवून ऐकतात. एकदा म्हणाले, "सगळं बरोबर शिकलात." मी भांडले, रडले, भांडी फेकली. हे भांडी गोळा करत राहिले. मी अशी आदळआपट केली की पूर्वी हे माझ्यावर दुप्पट ओरडायचे.

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. स्वच्छ सदरा घातला होता, केस विंचरले होते, कुणाकडे काही मागायला आल्यासारखे हात जोडले होते.

"तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही," हे म्हणाले. "तुम्ही सगळं नीट करता. पण ती तिथे एकटी आहे हो. तिला पोहता येत नाही. ती तोंडाने फटकळ आहे, पण मनातून फार भित्री आहे, अंधाराला भिते, कुणाला सांगत नाही. मला माहीत आहे. मी कधी बोललो नाही तिला."

माझ्याबद्दल हा माणूस इतक्या मायेने आयुष्यात कधी बोलला नव्हता. तव्यावरची पोळी जळत होती आणि मला ती उलटवता येईना.

"तुम्ही परत गेलात," हे अगदी हळू म्हणाले, "तर ते तिला सोडेल. उद्या मी तुम्हाला तिकडे घेऊन जाऊ का?"