माऊलीचं जावळ

लोक भाषणात म्हणतात, वृषालीताईंनी समाजसेवेसाठी शाळा काढली. कसली समाजसेवा! मी शाळा रागानं काढली. माझ्या उत्कर्षाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती सहा वर्षांची झाली तेव्हा 'तिथं सोय चांगली' असं सगळ्यांचं ऐकून तिला लांबच्या वसतिगृहात ठेवली. दिवाळीला घरी आली तर पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपायची. आमच्याकडं बघायचीच नाही. बघितलं की आम्ही काहीतरी विचारणार आणि ते आपल्याला कळणार नाही, एवढीच तिला आईबापाची ओळख. मी म्हटलं, चुलीत गेली तुमची सोय.

वरकुट्यात आमची बंद पडलेली पोल्ट्री शेड होती. ती धुतली, चुना मारला आणि आसपासची चार पोरं गोळा केली. अजित, म्हणजे माझा नवरा, दारात उभा राहून म्हणाला, "कोंबड्यांचं जमलं न्हाय, आता हे?" मी त्याच्या हातात खराटा दिला. खुणांची भाषा मी आणि उत्कर्षा बरोबरच शिकलो. बारामतीला दर रविवारी ऐकू न येणारी मंडळी जमायची, तिथं एस्टीनं जाऊन. पहिले काही महिने मी अशा काही चुका करायचे की ते लोक हसून हसून खाली बसायचे.

आता शेडच्या जागी पक्क्या खोल्या आहेत. पळसदेव-इंदापूरकडून एक जीप भरून येते, बारामतीकडून दुसरी. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती उत्कर्षा लहान वर्गाची बाई झालीय. नवीन पालक येतात, तिला बघतात आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजतात, "ह्या बाईंना बी ऐकू येत न्हाय?" कुजबुजतात कशाला, देव जाणे.

पळसदेवची धोंडाबाई नातवाला घेऊन आली तेव्हा मला वाटलं, नात आहे. कमरेपर्यंत वेणी, शेवटाला लाल रिबीन. अंगात मात्र शर्ट आणि हाफ चड्डी. सात वर्षांचा होता तेव्हा माऊली.

"जावळ हाय त्याचं," धोंडाबाई म्हणाली. "काढलं न्हाय. नवस हाय माजा."

नवस असा होता की माऊली बोलायला लागला की उजनी धरणाच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या देवळाच्या पायरीवर त्याचं जावळ काढायचं. धोंडाबाई लग्न होऊन आली तेव्हा गाव अजून पाण्याखाली गेलं नव्हतं. तिचा देव तो तिथलाच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, आणखी उतरलं की सगळं देऊळ उघडं पडतं.

मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "मावशी, तोंडानं बोलेल का नाही ते मी सांगू शकत नाही. हातानं बोलेल, ते नक्की."

"हातवारं कुनाला येत न्हाईत? मला बोलनारा नातू पायजे. दोन उन्हाळं बघीन. न्हाय जमलं तर शाळा बंद. शेळ्या राखंल."

तिचा मुलगा रामहरी, माऊलीचा बाप, शेजारी उभा होता. उजनीत मासे धरतो, अंगापिंडानं धिप्पाड. पण आईपुढं ब्र काढायची सोय नाही. तो नुसता चपलेकडं बघत राहिला.

माऊली हुशार निघाला. दोन वर्षांत आमच्या सगळ्या खुणा तर शिकलाच, वर नकला करायला लागला. माझी चालायची नक्कल तर अशी करतो की मलाच लाज वाटते. पण त्या केसांनी जीव नकोसा केला होता त्याचा. उन्हाळ्यात मान घामानं भिजून पुरळ यायचं. उवा तर विचारू नका. बाजारात कुणीही "ए पोरी, सरक" म्हणून ढकलायचं. ऐकू येत नसलं तरी त्याला ते बरोबर कळायचं. मला तर कितीदा वाटलं, घ्यावी कात्री आणि टाकावं कापून. पण नवस दुसऱ्याचा, आपण कोण?

दुसरा उन्हाळा आला आणि कात्री त्यानंच घेतली. कागदकामाच्या तासाला बाकाखाली बसून वेणी मधोमध कापली. उत्कर्षानं मला बोलवायला वर्गातली एक पोरगी पाठवली. जाऊन बघते तर हा वेणीचा तुकडा हातात धरून उभा, ताठ मानेनं. देवाची भीती वाटली म्हणाल तर तसं नाही; भीती वाटली धोंडाबाईची.

रामहरीला फोन केला. तासाभरात त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून ती आली. उतरायच्या आधीच तोंड सुरू.

"कुनाचा हात लागला माज्या नवसाला? मुडदा बशिवला त्याचा! देवाचं क्येस कापलं! चल रं घरी. आजपास्नं शाळा बंद!"

तिनं माऊलीची दोन्ही मनगटं धरली आणि ओढायला लागली. ऐकू न येणाऱ्या पोराचे हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. मी ओरडले, "मावशी, हात सोडा त्याचे! काहीतरी सांगायचंय त्याला!" मी एवढ्या जोरात ओरडेन असं तिला वाटलं नसावं. तिनं हात सोडले.

माऊलीचे हात भराभरा चालले. पालकांपुढं पोरांचं बोलणं थोडं गोड करून सांगायचं, ही माझी जुनी पद्धत. मी सुरुवात केली, "तो म्हणतोय, आजी, चुकलं माझं—"

उत्कर्षानं टेबलावर थाड्‌कन हात आपटला. तिला माझे ओठ वाचता येतात. खुणेनं म्हणाली, 'तो बोलला ते सांग. तुझं नको.' पोटची पोरगी, पण डोळे असे वटारले की माझी बोबडी वळली.

"मावशी," मी म्हटलं, "माऊली म्हणतोय, आजी खोटारडी आहे."

रामहरीनं कपाळाला हात लावला.

धोंडाबाई माझ्याकडं वळलीच नाही. ती नातवाकडं वळली. "मी? कवा खोटं बोलले रं मी?"

मी खूण करून विचारलं. माऊलीनं तळहात आडवा धरून हळूहळू खाली नेला. मग दोन्ही हात डोक्यावर जोडून शिखर केलं. मग कानापाशी दोन बोटांची कात्री चालवली. ही आमच्या शाळेतली खूण नव्हती. उत्कर्षाला कळली नाही, मलाही नाही.

धोंडाबाईला कळली. "ह्ये... ह्ये तर माजं हाय," ती म्हणाली. "पान्याकडंला बसून मीच करती त्याला. पानी उतरलं, देऊळ दिसलं, की क्येस कापू म्हनून."

माऊलीनं पुढचं सांगितलं: दर उन्हाळ्यात पाणी उतरतं. दर उन्हाळ्यात आजी असं करते. आणि कापत नाही.

"आरं, पर तू बोलल्याबिगर कशी कापू? देवाला शबूद दिलाय मी!"

मी ते त्याला सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, काय? मी पुन्हा सांगितलं, सावकाश, नवसासकट. त्याचं तोंड उघडंच राहिलं. नऊ वर्षं पोरगं ते केस वागवत होतं आणि कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण आणि कसं? मग त्यानं एकच वाक्य केलं. गोड करायला त्यात काही नव्हतंच.

"तो म्हणतोय, मला वाटलं, आजीला मुलगी पाहिजे होती. मी नको होतो."

"आगं बया," म्हणत धोंडाबाई फरशीवर बसली. "आरं माज्या राजा, तूच पायजे हुतास की रं!" आणि त्याला छातीशी धरून रडायला लागली. मीही रडले. रामहरी खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला.

पण माऊलीचं अजून संपलं नव्हतं. मिठीतून हात सोडवून घेतले आणि पुन्हा सुरू. आजी चुलतभावाला, यशराजला, माशाचा मोठा तुकडा देते. आजी वेणी घालताना ओढते. आजी घोरते, त्याच्या पाठीला हादरे बसतात.

"यशराज ल्हान हाय त्यो! आन् ओढत कुटं असती? तूच मान हालिवतोस! आन् मी घोरत न्हाय!"

मी दोन्हीकडचं सांगता सांगता मेटाकुटीला आले. नंतर नंतर तर ती दोघं माझ्यासाठी थांबेनातच. ती बोटं नाचवायची, तो डोळे फिरवायचा. शेवटी तिनं दोन्ही हात जोडले. "गप की रं आता! किती बोलशील!"

आणि आपण काय म्हणालो, ते तिचं तिलाच ऐकू आलं. रामहरीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे पुसले, उठली आणि उत्कर्षापुढं हात केला. उत्कर्षानं रुमालात गुंडाळलेली वेणी तिला दिली. तिनं ती कमरेला खोचली.

"उद्या यील त्यो शाळंत," ती मला म्हणाली. "परवा येनार न्हाय. परवा देवळात जायचंय. तुमी बी या, मॅडम. ह्या पोरीला बी आना."

रामहरीच्या होडीतून गेलो, पुढं भेगाळलेल्या गाळातून चालत. पायऱ्या अर्ध्या उघड्या होत्या. दत्तोबा न्हावी माऊलीचं डोकं भिजवत होता. भावकीतल्या बाया जमल्या होत्या, त्यांतली धोंडाबाईची थोरली जाऊ राहवेना म्हणून म्हणालीच, "आगं धोंडे, पर पोरगं बोललं कुटं?"

"बोललं की."

"तोंडानं?"

"देवानं चवकशी क्येली न्हाय, तू कोन करनारी?"

"बरं बाई. मग काय बोललं, त्ये तरी सांग."

धोंडाबाईनं पदर सारखा केला आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खोटारडी म्हनला मला. समद्या शाळंपुढं!"