सध्यापुरता जिना

सोमवारी सकाळी अकरा वाजता, सातमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील कचेरीत, लिफ्टच्या मिस्त्रीला पर्यवेक्षक नेमावे की नाही हे ठरवणारी तोंडी परीक्षा सुरू झाली. परीक्षक बाई मुख्य कचेरीतून आल्या होत्या. शेजारी इमारतीचे व्यवस्थापक चहा ढवळत बसले होते.

यंत्राचे प्रश्न मिस्त्रीने सहज उडवले. घोडे पेंड खाऊ लागले ते इंग्रजीपाशी.

“फॉर द टाइम बीइंग,” बाई म्हणाल्या. “म्हणजे सध्यापुरतं. वाक्यात वापरा. घोकलेलं नको, रोजच्या जगण्यातलं सांगा.”

“इंग्रजी काही वाघ नाही, आणि असला तरी परीक्षेत तो बांधलेला असतो,” असे बायको सकाळीच म्हणाली होती. पण तिने पढवलेली वाक्ये नेमकी घोकलेलीच होती. बढती मिळाली तर गच्चीवरची पत्र्याची खोली सुटणार होती, आणि बाळ तर उंबरठ्याशी येऊन ठेपले होते. त्याने सुचले ते म्हटले :

“माय वाइफ इज यूझिंग द स्टेअर्स फॉर द टाइम बीइंग.”

“अगदी बरोबर.” बाई हसल्या. “मघाशी खाली भेटल्या त्या. दिवस भरत आलेत, मग सात मजले जिन्याने का? लिफ्ट चालू आहे की.”

व्यवस्थापकांचा चमचा कपात थांबला. “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तिला. हो ना रे?”

मान डोलावली की भागत होते. गेल्या आठवड्यात लिफ्टच्या दाराचे सुरक्षाकुलूप बिघडले, तेव्हा ते वगळून वायर जोडायला याच साहेबांनी फर्मावले होते, तेही ‘सध्यापुरतं’ म्हणून. तेव्हापासून दार उघडे राहिले तरी लिफ्ट धावत होती. मिस्त्रीने फक्त बायकोला जिन्याने जायला बजावले होते. इतरांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

भिंतीपलीकडे लिफ्ट घरघरत वर गेली.

“डॉक्टरांनी नाही, साहेब,” तो म्हणाला. “मीच सांगितलंय. दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते, मॅडम. वायर मी जोडलीय.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

त्याने व्यवस्थापकांकडे पाहिले. व्यवस्थापक बशीकडे पाहत होते.

“मीही त्याच लिफ्टने वर आले,” बाई सावकाश म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. “वाक्य अचूक आहे. पण जो फक्त आपल्या बायकोला सावध करतो, त्याला पर्यवेक्षक नेमता येणार नाही. साहेबांचं मी नंतर बघते. आधी लिफ्ट बंद करा.”