चहाचा चोथा आणि सवतीचा टाक

भीमाबाईची तक्रार एवढीच होती, की नव्या सुनेला चहाचा चोथा टाकून देता येत नाही. जगात माणसं चहा पितात आणि गाळण्यात राहिलेलं उकिरड्यावर जातं. पण ही चांगुणा तो चोथा सुपात पसरून उन्हाला ठेवायची, जसा काही शेवगावच्या बाजारात नेऊन विकायचाय. कंदिलाची काच त्यानंच घासायची. नवऱ्याच्या, रंगनाथच्या, पायताणात वाळला चोथा भरून ठेवायची, घामाचा वास जातो म्हणून. चोथा दुसऱ्यांदा उकळून ते पाणी तांब्यात झाकायची आणि त्यानं केस धुवायची.

"दुष्काळ हाय आत्याबाई," ती म्हणायची. "दोन कोसावरनं पाणी आणायचं आन् येकदाच वापरायचं व्हय?"

शेजारची लंकाबाई गेल्या साली इथं राहायला आलेली. तिला या सुनेचं भारी कौतुक. "तुला कशातच गोडी न्हाई भीमाबाई. माझी सून साखर टाकती ती मुठीनं. बदलतीस का बोल."

भीमाबाईनं सुपाकडं बघितलं. हे सगळं याच घरात, याच सुपात आधी एका बाईनं केलं होतं, हे लंकाबाईला काय सांगायचं? ती बाई म्हणजे रंगनाथची पहिली बायको, कडूबाई. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. चांगुणानं तिला बघितलंसुद्धा नव्हतं.

हे तुला कुणी शिकवलं, म्हणून भीमाबाईनं तीनदा विचारलं. पहिल्यांदा चांगुणा हसली. दुसऱ्यांदा तिचा हात गळ्यातल्या टाकाकडं गेला. तिसऱ्यांदा म्हणाली, "आपसूक सुचतं."

टाक कडूबाईच्या नावाचा होता. रीतच आहे तशी. पहिली वारली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बांधायचा, आधी टाकाला कुंकू लावायचं, मग आपल्या कपाळाला. म्हणजे मेलेली रुसत नाही. भीमाबाईनं स्वतः सोनारापुढं बसून तो चांगला जाड करून घेतला होता. मेलेलीनं टाकात बसावं आणि घर सोडावं, एवढाच तिचा हिशेब. पण टाक घरातच होता, आणि दिवसभर चुलीपासून मोरीपर्यंत हिंडत होता.

लग्नात चांगुणाचे केस उन्हानं पार तांबूस झालेले. सहा महिन्यांत काळेभोर झाले, कमरेला टेकले. लंकाबाई म्हणाली, चहाच्या पाण्याचा गुण. असेल. पण पाठमोऱ्या बसलेल्या सुनेला भीमाबाई एकदा चुकून "कडू" म्हणाली, आणि चांगुणानं मागं न बघता "ओ" दिली.

चैत्रात भीमाबाईचे डोळे आले. फुफाटा उडत होता, रंगनाथ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेला. भरदुपारी ती घोंगडीवर आडवी झाली होती, डोळ्यांत खडे टोचत होते. चांगुणा थंड चहात भिजवलेलं फडकं घेऊन उशाशी बसली.

"नगं मला," भीमाबाई म्हणाली.

"डोळं मिटा."

फडकं गार होतं. चांगुणानं दोन्ही तळवे त्यावर हलकेच दाबून धरले. टोचणी थांबली, आणि भीमाबाईला त्याचाच राग आला.

"आत्याबाई, येक इचारू? दुपारी माझा डोळा लागला की येक आवाज येतो. कट्. आन् मंग कुनीतरी सरपटत येतंय. घसा कोरडा पडलेला आसतो त्याचा. ते कट् कशाचं आसंल?"

भीमाबाईला तो आवाज ठाऊक होता. चांगुणाचं माहेर शिंगणापूर. तिथं घरांना दारं नसतात, पेट्यांना कुलपं नसतात. कुलूप लागताना कसं वाजतं, ते या पोरीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि या घरात दीड वर्षात कुलूप वाजलं नव्हतं. शेवटचं वाजलं ते कडूबाईच्या कानावर.

तीन दिवस ताप होता तिला. "घोटभर कोरा चहा द्या," म्हणत होती. तापात चहा म्हणजे आगीत तेल, असं भीमाबाईचं मत. त्यात हिला लोळायला निमित्तच पाहिजे, असंही वाटलं. तिनं चहाचा डबा पेटीत टाकला, कडूबाईला ऐकू जाईल असं कुलूप घातलं आणि खुरपायला निघून गेली. परत आली तेव्हा कडूबाई अंथरुणावर नव्हती. पेटीपाशी होती. मूठ कुलपावर वळलेली, ती बोट बोट करून सोडवावी लागली. भीमाबाईनं तिला उचलून अंथरुणावर निजवलं, कुलूप आडात टाकलं आणि मग हंबरडा फोडला. रंगनाथला हे कळलं, तर तो आईच्या हातचं पाणी पिणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मांजर आसंल," भीमाबाई म्हणाली.

"मांजर न्हाई ते. मी ह्यांना इचारनार हाय सांजच्याला."

रंगनाथचं नाव निघताच भीमाबाई उठायला गेली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपले पाय कुणीतरी चेपतंय. कोमट बोटं, टाचेपासून वर. भेगांवर चोथा खरखरत होता. बरं वाटत होतं, म्हणून तिनं विचार केला नव्हता. चांगुणाचे दोन्ही तळवे तिच्या डोळ्यांवर होते.

फडकं काढून बघायची हिंमत तिला झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"रंगनाथला नगं इचारू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "कुलूप हुतं ते. मीच घातलं. चहा मागत हुती, मी दिला न्हाई. ताप चढंल म्हनून न्हाई दिला. आन् माझं टकुरं तापलेलं, त्येच्यापायी बी न्हाई दिला. झालं समाधान?"

पायावरची बोटं थांबली. सोडून मात्र गेली नाहीत.

चांगुणानं फडकं आणखी जरा दाबून धरलं. मग म्हणाली, "ह्यांना न्हाई सांगनार मी. पर ती हितंच ऱ्हानार म्हनती."

भीमाबाईनं फडक्याखाली डोळे घट्ट मिटले.

"चांगुणे, सून म्हनून तुझ्यात काडीची खोट न्हाई. पर नांदायला येकटी आली आसतीस, तर लई बरं झालं आसतं."