मागे राहिलेली मेंढी

हाल्मुंडुर म्हातारा तोंडाचा फटकळ, पण शब्दकोशाच्या कचेरीतून आलेल्या स्टेन्वरवर तो खूश होता. शहरातली पोरगी एका शब्दासाठी एवढ्या लांब उत्तरेला आली, याचंच त्याला अप्रूप.

"एफ्तिरलेगुकिंद," कॉफी ओतत तो म्हणाला. "सोपं आहे. एफ्तिर म्हणजे मागे, लेगा म्हणजे पडून राहणं, किंद म्हणजे मेंढी. सप्टेंबरात सगळे मिळून डोंगरावरची मेंढरं खाली हाकतो, तेव्हा धुक्यात जी वरच राहते ती."

"आणि माणसाला कधीपासून म्हणायला लागले?"

"ते देवाला ठाऊक. मी म्हटलं त्याला बावीस वर्षं झाली."

स्टेन्वरने कार्ड पुढे ओढलं. शब्दाखाली कुणाच्या तरी बोलण्यातलं एक खरं वाक्य लागतं आणि बोलणाऱ्याचं नाव.

त्या वर्षी हाकणाऱ्यांचा म्होरक्या हाल्मुंडुर होता. म्होरक्याला तिथे डोंगरचा राजा म्हणतात, आणि ते राजेपण त्याच्या चांगलंच डोक्यात गेलं होतं. खाली मेंढरांची वाटणी सुरू झाली तरी त्याचा मुलगा कोल्बेन उतरला नव्हता. दोन तासांनी तो एकटाच आला, तेव्हा बाप कुंपणावर चढून चार गावांसमोर ओरडला, "ही बघा, आमच्या घरची एफ्तिरलेगुकिंद!" लोक पोट धरून हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढच्या वसंतात कोल्बेन नॉर्वेला निघून गेला.

"वर शेजाऱ्याची मेंढी उताणी पडली होती, तिला उठता येईना," म्हातारा म्हणाला. "तिला उलटवून, तिच्या पायांत बळ येईपर्यंत कोल्बेन तिला टेकू देऊन बसला होता. नाहीतर मेलीच असती. उभी राहिली तशी धुक्यात पळाली. पोरगा नॉर्वेला गेल्यावर शेजाऱ्याने मला सांगितलं. हेही लिही."

"एवढं मावत नाही हो. एकच ओळ घेतात, शब्द असलेली."

"म्हणजे शिवी छापणार, आणि माझी चूक झाली ते नाही?"

स्टेन्वरने कार्ड बाजूला सारलं. "त्याला सांगितलंत कधी?"

सांगितलं नव्हतं. जीभच रेटली नव्हती, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

ती गेल्यावर त्याने फोन लावला. एरवी तो नाताळखेरीज कधी करत नसे.

"बाबा?" पलीकडून कोल्बेनचा घाबरा आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही रे. आहेत सगळे." म्हाताऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "सहजच केला. तिकडे पाऊस आहे का?"

"आहे."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि सांगायचं ते पोटातच ठेवून त्याने फोन बंद केला.