सपाट फरशीवरची गाडी

दाजींच्या जुन्या पिकअपचं इंजिन मिसिंग मारत होतं, मध्येच ठोका चुकवत होतं, आणि माझ्यासमोर आलं की मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालायचं. त्या दुपारी ते तिसऱ्यांदा आले. ताई सोबत होती.

"मेहुणे, तुमच्या गॅरेजात शिरली की ही शहाणी होते. अगदी तुमच्या बहिणीसारखी. माहेरचा माणूस दिसला की गरीब गाय."

"उतरू का मी खाली?" ताई आतूनच म्हणाली. "मग दाखवते गरीब गाय."

मी बॉनेट उघडलं. चार सिलिंडर, चार प्लग. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढूनही इंजिनाला काही फरक पडत नाही, तो सिलिंडर झोपलेला. मी चारही काढून पाहिल्या. दर वेळी इंजिन लंगडलं आणि वायर बसवली की सावरलं. म्हणजे चौघंही जागे. मग डोळे मिटून कान लावला. देवानं मला रूप दिलं नाही, पण कान दिलाय. गाण्याच्या मैफलीत मागच्या रांगेत बसलो तरी साथीदाराची एक थाप हुकली की मला कळतं. त्या कानाचा मला गर्व होता, लपवत नाही.

"ठणठणीत आहे," बॉनेट आपटून मी म्हणालो. "उगाच मनात घेतलंय तुम्ही."

"कौलं भरायचीत हो. सगळा उतार आहे."

"अहो, जा म्हणतो ना बिनधास्त!"

दाजी गेले. टेकडीवरच्या भट्टीतून कौलं घ्यायची आणि पलीकडच्या अंगानं खाली उतरायचं. तो उतार थेट बाजाराच्या तोंडाशी संपतो.

ताई माझ्याकडेच थांबली. चहा पिता पिता म्हणाली, "खरं सांगू? मलाही जाणवतं ते. चौक आला की गाडीला उचकी लागते."

"चौकात थांबल्यावर?"

"थांबताना. यांनी ब्रेक दाबला की पायाशी कुणीतरी फुसफुसतं आणि इंजिन थडथड करतं. पाय काढला की गप्प. मी म्हटलं यांना. तर म्हणे, ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

माझ्या हातातला कप तिथंच राहिला.

संबंध होता. ब्रेकच्या पेडलपुढे बूस्टरचा डबा असतो. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि त्या ओढीच्या जोरावर माणसाचा हलका पाय जड गाडी थांबवतो. डब्यातला रबरी पडदा फाटला, तर ब्रेक दाबताच बाहेरची हवा त्यातून इंजिनात शिरते. इंजिन अडखळतं. दोष इंजिनात नसतोच. फाटलेला पडदा रोज थोडा आणखी फाटतो, आणि मग एक दिवस पेडल दगड होतं. माझ्या गॅरेजची फरशी सपाट. तीन वेळा मी हे इंजिन ऐकलं, आणि तिन्ही वेळा ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता.

"काय झालं रे?"

"त्यांना फोन लाव. नको, थांब!" उतारावर असतील तर? फोन वाजला की घ्यायला गाडी थांबवतील. म्हणजे ब्रेकच दाबणार.

पण तिनं लावलाही होता. दोन रिंग झाल्या, चार झाल्या.

"बोल गं," दाजींचा आवाज आला. मी फोन ओढून घेतला.

"दाजी, गाडी उभी आहे?"

"भट्टीच्या फाटकाबाहेर. हँडब्रेकवर. आता सोडतोच."

"तोंड कुठं?"

"खाली. आकाशात कसं असेल?"

"फोन पायाशी धरा आणि ब्रेक दाबा."

इंजिन एकसारखं चाललेलं ऐकू आलं. मग बारीक फुस्स झालं आणि लगेच एक ठोका हुकला, मग दोन, मग नुसती धडधड. तीन वेळा माझ्यापासून लपलेला तो आवाज आता फोनमधून येत होता.

"मेहुणे," दाजी हळू बोलले, "पेडल खाली जात नाहीये."

"रिव्हर्स टाका, इंजिन बंद करा. पाय काढू नका. मी आलो."

"हँडब्रेक सरकतोय हो."

ताईला स्कूटरवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर लाकडाचे दोन ठोकळे दिले. चढावर तिनं माझा शर्ट मुठीत आवळून धरला होता.

पिकअप फाटकापासून दहा हात खाली आलेली होती. कौलांच्या भारानं मागच्या स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले. आत दाजी सीटवरून उठून, टपाला पाठ टेकवून, दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे. घाम डोळ्यांत उतरला होता, तरी हात स्टिअरिंगवरून निघत नव्हता.

मी पुढच्या चाकांखाली ठोकळे सारले, हातोडीनं ठोकून बसवले.

"सोडा पाय."

"नाही."

"बसलेत, दाजी. घट्ट."

"मघाशी ठणठणीत म्हणालात. आता घट्ट म्हणता."

टोमणा नव्हता त्यात, टोमणा असता तर बरं वाटलं असतं. मी गाडीसमोर गेलो आणि बंपरला गुडघे टेकवून उभा राहिलो.

"आता सोडा."

"बाजूला हो, मूर्खा!" कधी नव्हे ते एकेरीवर आले दाजी. ताईनं माझा दंड ओढला. मी देवाचं नाव घेत राहिलो, पण हललो नाही.

दाजींच्या मांड्या थरथरत होत्या. अशा पायांवर ते किती वेळ उभे राहणार, ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. त्यांनी डावा पाय उचलला. मग उजवा.

गाडी बोटभर पुढे आली. बंपर गुडघ्यांत रुतला, लाकूड करकरलं, मागे सगळी कौलं एकदम किणकिणली. मग तो आवाजही थांबला, आणि तरी आमच्यापैकी कुणी जागचं हललं नाही.